कानबाराच्या बर्फात चेहरे दिसत नाहीत, तरी मन का भरून येते? (जपानी काष्ठमुद्राचित्रांतील भाव आणि कथा)

प्रश्न

गेले काही महिने मी जपानमधील एदो काळातील काष्ठमुद्राचित्रे, म्हणजे ‘उकियो-ए’ परंपरेतील चित्रे, सवड मिळेल तशी पाहत आहे. त्यांतले एक चित्र माझ्या मनातून जातच नाही. उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) याने १८३३-३४च्या सुमारास एदो (आजचे टोकियो) आणि क्योतो यांना जोडणाऱ्या तोकाइदो या हमरस्त्यावरील ५३ मुक्कामांची मालिका केली. दोन्ही टोकांची शहरे धरून तिच्यात एकंदर ५५ चित्रे आहेत, आणि ‘कानबारा : रात्रीचे बर्फ’ हे त्यांपैकी एक. उतारावर विसावलेले खेडे, छपरांवर साचलेला जाड बर्फ, आणि अंग आक्रसून चाललेली तीन माणसे, एवढेच त्यात आहे. एकाने अर्धवट मिटलेली छत्री डोक्यावर इतकी खाली ओढली आहे की त्याचे तोंड दिसतच नाही. उरलेले दोघेही आपापल्या पांघरुणाखाली झाकलेले. कोणी कोणाकडे पाहत नाही, काहीही घडत नाही. तरीही हे चित्र पाहताना एखाद्या कथेचे मधलेच पान हाती आल्यासारखे वाटते.

नंतर वाचनात आले की कानबारा हे गाव सुरुगा प्रांताच्या उबदार किनारपट्टीवर आहे आणि तिथे असा दाट बर्फ क्वचितच पडतो. म्हणजे चित्रकाराने डोळ्यांनी पाहिलेल्या दृश्याची ही नोंद नसावी. त्याला त्या मुक्कामासाठी ही रात्र हवी होती, म्हणून त्याने ती आणली. हे कळल्यावर माझे कुतूहल आणखीच वाढले.

माझे दोन प्रश्न आहेत. चेहरे नसताना, प्रसंग नसताना, या चित्रांत एवढा भाव येतो कुठून? आणि ज्या चित्रांमागे खरोखरच एखादी जुनी कथा आहे, ती चित्रे कथा ठाऊक नसलेल्याने कशी पाहावीत? योशितोशी या चित्रकाराची चित्रे पाहताना माझी अवस्था कीर्तनाच्या उत्तररंगात मध्येच येऊन बसलेल्या माणसासारखी होते. रंगलेल्यांची तोंडे दिसतात, पण आख्यान कोणाचे चालले आहे ते उमगत नाही.

प्रतिसाद १

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी छपाईच्या बाजूने देण्याचा प्रयत्न करतो, कारण ही पद्धत मी थोडीफार हाताने करून पाहिली आहे आणि माझ्या मते या चित्रांतला निम्मा भाव ठशावरच जन्माला येतो.

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण ‘हिरोशिगेचे चित्र’ म्हणतो ते चौघांचे काम असते. प्रकाशक विषय ठरवतो आणि पैसा घालतो, चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करतो, कोरक्या ते रेखाटन चेरीच्या लाकडावर उलटे चिकटवून कोरतो, आणि छपाई करणारा एकेका रंगाचा ठसा त्याच कागदावर क्रमाने उमटवतो. कोरताना मूळ रेखाटन नष्ट होते, त्यामुळे चित्रकाराच्या हातची रेषा म्हणून आपण जी पाहतो ती वास्तविक कोरक्याने राखलेली लाकडाची धार असते.

आता कानबाराचा बर्फ पाहा. तो पांढऱ्या रंगाने रंगवलेला नाही. तो कोरा कागद आहे. आकाशातून पडणारा प्रत्येक हिमकण म्हणजे आकाशाच्या राखाडी ठशावरून कोरून काढलेला लाकडाचा एक ठिपका. तेवढ्या जागी ठसा कागदाला टेकत नाही आणि कागद आपल्या मूळ रूपात राहतो. याच्या अगदी उलट, याच चित्रकाराच्या ‘शिन-ओहाशी पूल आणि आताके येथील अचानक सर’ (१८५७) या चित्रातला पाऊस घ्या. तिथे पावसाची एकेक बारीक काळी रेघ म्हणजे भोवतालचे सगळे लाकूड काढून शिल्लक ठेवलेला केसाएवढा कणा आहे. त्या रेघा किंचित वेगवेगळ्या कोनांच्या दोन ठशांनी छापल्या जात, म्हणून ती सर वाऱ्याने हेलकावल्यासारखी दिसते. बर्फ म्हणजे काढलेले लाकूड आणि पाऊस म्हणजे राखलेले लाकूड, हे ध्यानात आल्यापासून मला एक शांत आणि दुसरे अस्वस्थ का भासते याचा थोडा उलगडा झाला. बर्फात कागद मोकळा राहतो. पावसात त्याच्यावर ओरखडे उठतात.

दुसरी गोष्ट ‘बोकाशी’ची. गडद रंग हळूहळू विरत जाऊन नाहीसा होतो, त्या परिणामाला हे नाव आहे. ठशावर त्यासाठी काहीही कोरलेले नसते. सपाट ठसा ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा, ब्रशच्या एकाच कडेला रंग आणि थोडी तांदळाची खळ घ्यायची, आणि एका टोकापासून आडवा ब्रश फिरवत न्यायचा. पाण्यात रंग पसरत जातो आणि त्याची सावली तयार होते. मग ओलसर कागद खुणेच्या खाचांत बसवून पाठीमागून ‘बारेन’ने, म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या गोल चकतीने, घासायचे. माझ्या पहिल्या दहा-बारा प्रयत्नांत सावलीच्या जागी स्पष्ट पट्टा उमटला, कारण ठसा पुरेसा ओला नव्हता. पाणी वाढवले तेव्हा रंग कागदाच्या धाग्यांत फुटला आणि आकाशाला डाग पडले. एका कागदावर हे साधणे कठीण, मग शेकडो प्रतींवर तीच सावली तशीच उमटवणाऱ्या हातांविषयी काय बोलावे!

कानबाराच्या जुन्या प्रती दोन प्रकारच्या आढळतात. काहींत आकाशाचा काळोख वरच्या कडेला दाट असून खाली विरत जातो, तर काहींत तो घरांच्या मागे, क्षितिजापाशी दाटलेला असून वर फिकट होत जातो. रेखाटन तेच, ठसे तेच. फरक आहे तो ब्रश कुठल्या टोकाकडून फिरला एवढ्याचाच. पण पहिल्या प्रकारात रात्र वरून खाली उतरत आहे असे वाटते, आणि दुसऱ्यात ती त्या खेड्यातूनच वर चढत असल्यासारखी भासते. दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

त्याच मालिकेतील ‘शोनो : सर’ हे चित्रही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मागच्या झाडीचे आकार एकामागे एक, फिकट होत जाणाऱ्या राखाडी छटांत नुसत्या सावल्यांसारखे छापले आहेत. त्यांत पान नाही, फांदी नाही. सगळी झाडी एका बाजूला वाकली आहे, पावसाच्या रेघा आडव्या येत आहेत, आणि चढावर पालखीवाले व उतारावर छत्रीवाला विरुद्ध दिशांना पळत आहेत. इथेही चेहरा नाहीच.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील छपाईचे विवेचन मला अतिशय आवडले. मात्र भाव छपाईतूनच येतो असे म्हटले तर या चित्रांची अर्धीच बाजू दिसेल, असे मला वाटते. आपल्याकडे काव्यशास्त्रात ज्याला व्यंजना म्हणतात, म्हणजे न बोलता सुचवणे, तिच्यावर या चित्रकारांचे असामान्य प्रभुत्व होते, आणि ते त्यांनी वस्तूंच्या निवडीतून व मांडणीतून दाखवले.

हिरोशिगेच्याच ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ (१८५६–५८) या मालिकेतील १८५७चे एक चित्र माझे फार आवडते आहे. त्याचे नाव ‘आसाकुसाची भातशेते आणि तोरिनोमाचीची जत्रा’. नावावरून गर्दी, ढोल, दुकाने यांची अपेक्षा करावी, तर समोर येते एक रिकामी खोली. खिडकीच्या पट्ट्यांमागे एक पांढरे मांजर बसले आहे आणि ते बाहेर पाहत आहे. बाहेर संध्याकाळ, दूर फुजी पर्वत, परतणारे पक्षी, आणि खाली शेतांमधून जाणारी माणसांची बारीक रांग. जरा निरखले तर त्या रांगेत उंच धरलेले दाताळ्यांसारखे आकार दिसतात. नशीब ओढून आणणारे शुभचिन्ह म्हणून ही दाताळी त्या जत्रेत विकत घेत असत. इतक्या दूरवर ती जत्रा ढकललेली आहे.

आता आत पाहावे. खिडकीच्या कट्ट्यावर एक वाडगा आणि हात पुसायचे फडके आहे. डाव्या कडेला आडोशाच्या पडद्याचा नुसता काठ दिसतो. त्याच्यापाशी जमिनीवर कागदातून अर्धवट बाहेर आलेल्या केसांत खोवायच्या काड्या पडल्या आहेत, आणि त्यांचा आकारही दाताळ्याचाच आहे. ही खोली योशिवारा या गणिकावस्तीतील आहे. कोणीतरी जत्रेतून ही भेट घेऊन आले आहे आणि ते कोणीतरी व ती स्त्री आत्ता पडद्यामागे आहेत. चित्रकाराने यातले काहीही दाखवलेले नाही. सगळी वस्ती ज्या दिवशी गजबजून जाते त्या दिवशी, जिला बाहेर पडण्याची मुभा नाही तिच्या खिडकीतून जत्रा पाहायला मांजर तेवढे बसले आहे. पहिल्यांदा ते चित्र मला नुसते गोड वाटले होते. भेटवस्तूकडे नजर गेली त्या दिवशी मात्र मी बराच वेळ ते मिटू शकलो नाही.

वस्तूंना बोलते करण्याची ही रीत हिरोशिगेच्या खूप आधीपासून चालत आलेली आहे. सुझुकी हारुनोबू याने १७६५च्या सुमारास पूर्ण रंगीत छपाईचा पाया घातला आणि लगेच १७६६च्या आसपास ‘दिवाणखान्यातील आठ दृश्ये’ ही मालिका केली. चिनी परंपरेत शियाव-शियांग नद्यांच्या परिसराची आठ काव्यमय दृश्ये ठरलेली होती: रात्रीचा पाऊस, संध्याकाळची घंटा, उतरणारे हंस, शरदातला चंद्र इत्यादी. हारुनोबूने ती आठही दृश्ये घराच्या आत आणली. चहाच्या किटलीतल्या पाण्याचा आवाज हा रात्रीचा पाऊस झाला, घड्याळाचे ठोके ही मंदिराची घंटा, कोतो या तंतुवाद्यावरील तिरक्या ओळीत मांडलेल्या घोड्या हे उतरणारे हंस, आरशाची गोल चकती हा चंद्र, आणि दांडीवर वाळत घातलेले रुमाल ही परतणाऱ्या नौकांची शिडे. अशा रूपांतराला ‘मिताते’ म्हणतात. ज्याला मूळ आठ दृश्ये ठाऊक आहेत त्याला त्या घरगुती क्षणामागे विस्तीर्ण नदी आणि धुके दिसते. ज्याला ठाऊक नाहीत त्याला किटलीपाशी बसलेल्या दोन तरुणी दिसतात, आणि तेही सुंदरच आहे.

चेहऱ्याचा प्रश्न आपण काढलात म्हणून थोडे विषयांतर. ज्या चित्रांत चेहराच सगळी जागा व्यापतो, तिथेही भाव चेहऱ्यात शोधला तर फारसा हाती लागत नाही. उतामारो या चित्रकाराच्या १७९३-९४च्या सुमाराच्या ‘चिंतनमग्न प्रेम’ या चित्रात भुवया काढलेली, म्हणजे विवाहित, स्त्री गाल हातावर टेकवून बसली आहे. नाक-डोळे त्याच्या इतर स्त्रियांसारखेच थोडक्या रेषांचे आहेत. फरक आहे तो किंचित अरुंद झालेल्या डोळ्यांत आणि त्याहून अधिक त्या हातात, कारण बोटे सैल आहेत आणि मन दुसरीकडे गेले आहे हे त्या बोटांवरूनच कळते.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. आसाकुसाचे चित्र मी याआधी अनेकदा पाहिले होते आणि प्रत्येक वेळी मांजरावरच थांबले होते. कागदातल्या त्या काड्या मला कधी दिसल्याच नाहीत. कानबाराच्या दोन्ही प्रकारच्या प्रती काल शेजारी ठेवून पाहिल्या. मला क्षितिजापाशी काळोख असलेली प्रत अधिक एकाकी वाटली, कारण तिच्यात घरे त्या काळोखाला टेकून उभी आहेत आणि माणसांना परतायलाही जागा उरलेली नाही असे वाटते.

पण माझा दुसरा प्रश्न अजून उरला आहे. हिरोशिगेकडे कथा आपण रचतो. योशितोशी किंवा कुनियोशी यांच्याकडे ती आधीच ठरलेली असते. तिथे मी काय करावे?

प्रतिसाद ३

तिथे कथा अवश्य वाचावी, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ रेषा आणि रंग यांच्या बळावर ही चित्रे पाहता येतात हे खरे, पण ती ज्यांच्यासाठी छापली गेली त्या लोकांना काबुकी रंगभूमी, कथा सांगणारे कलावंत आणि सचित्र कादंबऱ्या यांमुळे ही आख्याने तोंडपाठ होती, आणि चित्रकार त्या ज्ञानावर विसंबूनच कोणता क्षण दाखवायचा हे ठरवत असे. म्हणून कथा कळल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा: सगळ्या कथेतून त्याने हाच क्षण का उचलला?

त्सुकिओका योशितोशी (१८३९–१८९२) याचे १८८३मधील तीन कागदांचे चित्र घ्या: चांदण्यात बासरी वाजवणारा फुजिवारा यासुमासा. माळावर उंच गवत आहे, चंद्रावरून ढग सरकत आहेत, एक सरदार बासरी वाजवत निवांत चालला आहे, आणि त्याच्या मागे दबा धरलेला माणूस तलवारीला हात घालून आहे. हा हाकामादारे नावाचा दरोडेखोर. जुन्या कथासंग्रहातील गोष्ट अशी की थंडी तोंडावर आल्यामुळे त्याला उबदार कपडे हवे होते, म्हणून तो या एकट्या वाटसरूच्या मागे लागला. पण पुन्हा पुन्हा चाल करूनही त्याचा हात उठेना. शेवटी यासुमासाने वळून त्याला विचारले, घरी नेले, जाड वस्त्र दिले आणि गरज पडली तर मागायला ये असे सांगितले. योशितोशीने वस्त्रदान चितारले नाही, सामनाही चितारला नाही. त्याने निवडला तो हात आणि तलवार यांच्यामधला अडलेला क्षण. वाजवणाऱ्याने मागे वळून पाहिलेले नाही, आणि ऐकू येणार नाही असा तो सूर हीच चित्रातली एकमेव घटना आहे. कथा ठाऊक नसेल तर हे खुनाच्या आधीचे दृश्य वाटते. ठाऊक असेल तर तोच हात, तेच गवत, पण मनातली भीती ओसरून तिच्या जागी काहीतरी फार कोमल येते.

त्याच्या ‘चंद्राची शंभर रूपे’ (१८८५–९२) या मालिकेतही हीच रीत आहे. शंभर चित्रांपैकी काहींत तर चंद्र दिसतच नाही. तो कोणाच्या तरी चेहऱ्यावरच्या उजेडावरून ओळखायचा. ‘कोल्ह्याचा हंबरडा’ हे चित्र याच मालिकेतले. एका म्हाताऱ्या कोल्ह्याच्या सगळ्या आप्तांना एका शिकाऱ्याने फासे लावून मारले आहे; तो कोल्हा शिकाऱ्याच्या भिक्षू झालेल्या काकाचे रूप घेऊन त्याच्याकडे जातो आणि प्राणिहत्येचे पाप समजावतो. परतीच्या वाटेवर त्याला फाशातले आमिष दिसते. चित्रात भिक्षूची वस्त्रे आहेत, काठी आहे, आणि मागे वळलेले तोंड मात्र कोल्ह्याचे आहे. उपदेश खरा होता आणि भूकही खरी आहे. त्या एका वळलेल्या मानेत दोन्ही मावले आहे. हे मूळ क्योगेन नाट्य, म्हणजे जपानी प्रहसन, हास्याकडे झुकणारे आहे, पण योशितोशीच्या हाती हसू थिजून जाते.

कुनियोशी (१७९८–१८६१) याचा स्वभाव निराळा. त्याला तीन कागदांची रुंदी अंगावर येण्यासाठी हवी असे. १८४४च्या सुमाराचे त्याचे राजकन्या ताकियाशाचे चित्र सर्वांना परिचित आहे: मोडक्या वाड्यात ती मंत्र उच्चारते आणि पडदे फाडून एक प्रचंड सांगाडा आत वाकतो. मूळ कादंबरीत, म्हणजे १८०६मध्ये प्रसिद्ध झालेल्या सांतो क्योदेनच्या पुस्तकात, माणसाएवढे पुष्कळ सांगाडे येतात. कुनियोशीने त्या सगळ्यांचा एकच केला. कथेशी अप्रामाणिक राहून त्याने कथेतली भीती राखली.

आणि प्रेक्षक स्वतःची कथा रचतात, याचे सर्वांत बोलके उदाहरणही त्याचेच आहे. १८४३मध्ये त्याने आजारी सरदार राइको आणि त्याला छळणारा ‘मातीकोळी’ (कोळी-किड्याच्या रूपातला राक्षस) हा जुना, सर्वपरिचित विषय चितारला. राइको निजला आहे, त्याचे चार शूर सेवक पहाऱ्यावर आहेत, आणि मागच्या अंधारात भुतांची झुंडच्या झुंड उठली आहे. त्या वेळी तेंपो सुधारणांचा, म्हणजे सरकारने लादलेल्या काटकसरीच्या कडक नियमांचा, जाच चालू होता. नट आणि गणिका यांची चित्रे छापण्यालाही बंदी आली होती. लोकांनी निजलेल्या राइकोत शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी शासक, पाहिला, एका सेवकाच्या वस्त्रावरील कुलचिन्हावरून त्यात सुधारणांचा सूत्रधार मिझुनो तादाकुनी ओळखला, आणि भुतांमध्ये सुधारणांनी उद्ध्वस्त झालेले एकेक व्यावसायिक शोधून काढले. चित्राचा इतका बोभाटा झाला की घाबरलेल्या प्रकाशकाने प्रती परत घेतल्या आणि ठसे नष्ट केले. तेव्हा कथा ठरलेली असते हे आपले म्हणणे मला पुरते पटत नाही.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचा पुरवणी प्रतिसाद

वरील प्रतिसाद वाचून एक भर घालाविशी वाटली. ‘चेहरा न दाखवणे’ ही रीत एदो काळाबरोबर संपली नाही. विसाव्या शतकात प्रकाशक वातानाबे शोझाबुरो याने जुन्या पद्धतीच्या छपाईला नवे जीवन दिले, आणि त्याच्याबरोबर काम करणारा कावासे हासुई (१८८३–१९५७) याने पाऊस, बर्फ आणि रात्र यांची शेकडो चित्रे केली. १९२३च्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत त्याच्या रेखाटनवह्या आणि ठसे जळून गेले, तरी तो पुन्हा फिरतीवर निघाला आणि पुन्हा रेखाटू लागला.

त्याचे शेवटचे चित्र हिराइझुमी येथील कोंजिकिदो या मंदिराचे आहे. तो वारला तेव्हा ते पुरे झालेले नव्हते. छपाई नंतर पूर्ण करण्यात आली. बर्फ पडत आहे, झाडांच्या मधोमध मंदिराकडे जाणाऱ्या पायऱ्या आहेत, आणि एक भिक्षू आपल्याकडे पाठ करून त्या चढत आहे. आपण कानबाराची चित्रे शेजारी ठेवून पाहिलीत, तसे हे चित्रही त्यांच्या शेजारी ठेवावे आणि हिमकणांकडे नीट पाहावे. सव्वाशे वर्षांच्या अंतरानेही ते कण म्हणजे कोऱ्या कागदाचेच ठिपके आहेत.